घोडबंदरच्या तबेल्यात ठेवलेली घोडी खंगत चाललीये, हलवू की तक्रार करू?

कोलशेतची_स्वारी
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज. माझी काठेवाडी घोडी घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला एका तबेल्यात महिन्याच्या पैशांवर ठेवलेली आहे. तबेल्याचं नाव मुद्दाम देत नाही. पाऊस सुरू झाल्यापासून तिच्या बरगड्या बाहेरून मोजता येतील अशा झाल्यात, पाठीवर खोगिराखाली लागलंय आणि माझा संशय आहे की मला न विचारता तिला शिकवणीच्या बॅचला वापरतात, कारण मी रविवारीच जास्त जाते आणि जखम मधल्या वारांत ताजी होते. पाण्याच्या टाकीला आतून शेवाळ, खाली बिछाना कायम ओला, आत गेलं की डोळे चुरचुरतात इतका मुताचा वास. खूर वाढून नालेच्या बाहेर आलाय. मॅनेजरला बोलले तर म्हणे पावसाळ्यात सगळीच घोडी उतरतात मॅडम. खरंच असं असतं का? आणि बाकीच्या घोड्यांची पण अवस्था काही वेगळी नाही, त्यामुळे माझी काढून नेली की झालं असं मनाला पटत नाहीये. काय करू?

पनवेलचा_घोडेवाला
ताई, पावसाळ्यात सगळीच उतरतात हे साफ खोटं आहे. आमच्याकडे पण तोच पाऊस पडतो. आधी अंदाजपंचे बोलणं बंद करा आणि टेप घेऊन जा. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्या, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, आलं वजन किलोत. अगदी तंतोतंत नसतं पण दर पंधरवड्याला त्याच माणसाने घेतलं तर उतरतंय की चढतंय ते कळतं, आणि मॅनेजरसमोर आकडा ठेवता येतो.

आता खुराक. साधारण ४०० किलोच्या घोडीला दिवसाला निदान ६ ते ८ किलो सुका चारा पाहिजे, हिरवं गवत असेल तर त्यात पाणीच जास्त म्हणून वजनाने ते बरंच जास्त लागतं. बरेच तबेलेवाले चारा महाग झाला की चंदी म्हणजे दाणा वाढवतात आणि गवत कमी करतात, ते उलटं आहे. घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं चरण्यासाठी बनलंय, रिकामं ठेवून एकदम हरभरा दिला की पोटशूळ ठरलेला, आणि घोड्याला उलटी करता येत नाही हे लक्षात ठेवा, म्हणून आतलं आतच फुगतं. गवताची गंजी हात घालून बघा, बुरशीचा वास आला तर ती एक गोष्ट पण जागा सोडायला पुरेशी आहे. पाणी दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, शेवाळलेलं पाणी घोडा कमी पितो आणि त्यानेही लीद घट्ट होऊन पोट बांधतं.

आणखी एक, चारा नीट मिळूनही खंगत असेल, मधे मधे ताप येत असेल, पाय किंवा पोटाखाली सूज असेल तर सर्रा, म्हणजे रक्तातल्या परजीवीचा रोग, आहे का ते रक्त तपासून घ्या. चावणाऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो, पावसाळ्यात आपल्याकडे माश्या खूप. वेळेत औषध दिलं तर बरा होतो.

खरारा_रोज
मी बरीच वर्षं अशा ठिकाणी शिकवायचो म्हणून लिहितो. पाठ लागलेल्या घोड्यावर खोगीर चढवायचं नाही, जखम पूर्ण भरेपर्यंत नाही, यात चर्चाच नको. हे लेखी कळवा, व्हॉट्सॅपवर का होईना, "माझ्या परवानगीशिवाय घोडीवर कुणालाही बसवू नये" एवढं वाक्य पुरे. नाल दर ६ ते ८ आठवड्यांनी काढून खूर कापावाच लागतो, नालबंद कधी आला होता ते वहीत असतं, वही मागा. खुराच्या तळाला काळं, घाण वास मारणारं असेल तर ओल्या बिछान्यामुळे सडतंय.

पण मला तुमच्या पोस्टमध्ये नसलेल्या गोष्टीची जास्त भीती वाटते. विजेचं वायरिंग बघा. पत्र्याच्या शेडमध्ये पंख्यासाठी एक्स्टेंशन बोर्ड लटकवलेले असतात, खाली ओली जमीन, वर लोखंडी नाल, आणि घोडा शॉक आपल्यापेक्षा लवकर खातो. शेजारीच सुकं गवत रचलेलं आणि तिथेच कुणी बिडी ओढतंय हे मी डोळ्यांनी बघितलंय. आग लागली तर कोण कुठलं दार उघडणार हे तिथल्या पोरांना विचारा, उत्तर आलं नाही तर समजा.

मुलांच्या बॅच असतील तर हेल्मेट सायकलचं नको, घोडेस्वारीचंच पाहिजे, आणि चपला किंवा सपाट बूट घालून रिकिबीत पाय घालू देत असतील तर कधीतरी एखादं पोर फरफटत जाईल. घोडा लगामाने बांधतात का ते पण बघा, मोरखीनेच, म्हणजे तोंडात लोखंड नसलेल्या दोरीच्या साजानेच बांधायचा असतो, दचकून मागे झटका दिला तर लगाम जबडा फाडतो.

आणि एक विनंती, मोतद्दारावर, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या माणसावर, ओरडू नका. तो बिचारा एकटा बारा-पंधरा घोडे बघत असेल, रात्रीही तिथेच झोपत असेल. मालक माणसं वाढवत नाही हे मूळ दुखणं आहे. त्याच्याशी गोडीने बोला, सगळं खरं तोच सांगेल.

ठाणे_पूर्व_७७
हलवा. आधी घोडी वाचवा मग भांडा.

कायद्याचं_बोला
तक्रारीचं सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, कलम ११ मध्ये पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं आणि जखमी जनावराला कामाला लावणं दोन्ही येतं. अडचण अशी की पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. आजही तेवढाच, आणि हे वाचून संताप येतो. म्हणून फक्त पोलिसात जाऊन भागत नाही, जिल्ह्याच्या एसपीसीएला (प्राण्यांवरची क्रूरता रोखणारी संस्था) आणि जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयाला लेखी द्या, सोबत तारखेसह फोटो आणि पशुवैद्यकाचं लेखी मत. डॉक्टरांचा कागद असला की तुमचं म्हणणं उडवून लावता येत नाही. लगामाला काटे असतील तर तोही फोटो घ्या, काटेरी लगामावर १९६५ च्या नियमांनीच बंदी आहे.

नवीन जागी नेण्याआधी ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्या आणि तिथल्या घोड्यांचे रिपोर्ट पण बघायला मागा. हा रोग माणसालाही होतो आणि पॉझिटिव्ह घोडा वाचवता येत नाही, मारावाच लागतो. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या तपासणीचं मुख्य ठिकाण आहे, नमुना पाठवायचं काम सरकारी दवाखान्यातून होतं.

पनवेलचा_घोडेवाला
वरच्यात एक भर. नवीन जागा बघायला सांगून जाऊ नका, दुपारी दोन-तीनला जा, सकाळी सगळं झाडून ठेवलेलं असतं. आणि रात्री पोटशूळ उठला तर कुठला डॉक्टर किती वेळात येतो ते विचारा. घोड्यांचे बरेचसे डॉक्टर महालक्ष्मी रेसकोर्सच्या बाजूचे, घोडबंदर रोडवर गायमुखला ट्रॅफिक अडकलं तर तासन्‌तास जातात, तोवर घोडा लोळून आतडं पिळून बसतो.

कोलशेतची_स्वारी
सगळ्यांचे मनापासून आभार. काल न सांगता दुपारी गेले. तिच्या पाठीवर खोगिराचे ताजे घामाचे डाग होते. मोतद्दार दादांशी निवांत बोलले, आधी गप्प होते, मग म्हणाले चारा महिन्याभरापासून निम्म्यावर आणलाय आणि त्यांचा पगारही थकलाय. त्यांचं नाव कुठेच येऊ देणार नाही. वायर खरंच टाकीच्या वर लोंबतेय, फोटो काढलाय. उद्या डॉक्टर येऊन सर्रा आणि ग्लँडर्स दोन्हीसाठी रक्त घेणार आहेत, पाठीचं लेखी मतही मागितलंय. बॅचला येणाऱ्या दोन मुलांच्या आयांशी बोलले, त्या अर्जावर सही करायला तयार आहेत, बाकी घोडामालकांचे नंबर मिळवतेय. अर्ज घोडी हलवण्याआधीच देणार, म्हणजे पैशाचं भांडण म्हणून झटकता येणार नाही. पनवेल किंवा उलवे बाजूला जागा हवीये, पण जिथे तुमचा स्वतःचा घोडा उभा आहे अशीच सुचवा, ऐकीव नको.