मदत हवी आहे: लिमिट होल्डममध्ये कुणीच पॅक होत नाही, अशा टेबलावर कसं खेळावं?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी,

आमची सात जणांची पत्त्यांची जुनी बैठक आहे. खान्देशात आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पत्ते कसे चालतात हे इथल्यांना सांगायला नको. लेकी माहेरी आलेल्या, झाडाला झोके, घागरी भरून झालेल्या, आमरस-पुरणपोळीचं जेवण उरकलं की पुरुषमंडळी ओट्यावर नाहीतर खळ्यात गोल करून बसतात. आम्हीही वर्षानुवर्षं तीन पत्तीच खेळलो. पण तीन पत्तीत ज्याच्या खिशात जोर तो चाल वाढवत जातो आणि चांगली पानं असलेला माणूस घाबरून पॅक होतो (पानं टाकून डाव सोडतो), हे मला कधीच पटलं नाही. आमच्यातल्या दोघांचं सगळं घर कपाशीवर चालतं. भाव पडलेल्या वर्षी त्यांनी सणाच्या नावाखाली पैसे गमवावेत असं कुणालाच वाटत नव्हतं, म्हणून आम्ही पैसे लावणं पूर्ण बंद केलं. ते परत सुरू करायचं नाही, हे आधीच सांगतो.

आमच्यातले एक आप्पा मुलीकडे कॅलिफोर्नियात राहून आले. तिथल्या कार्ड रूममध्ये, म्हणजे पत्त्यांच्या क्लबात, ते लिमिट होल्डम शिकले आणि येताना चिप्सची पेटी घेऊन आले. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी माझ्या गच्चीवर हाच खेळ चालतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: प्रत्येकाला दोन पानं झाकून, मधे पाच पानं उघडी, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). सातांतून सर्वोत्तम पाच पानांचा हात. चाल किती लावायची ते ठरलेलं असतं. आमच्याकडे फ्लॉपपर्यंत लहान चाल 2 चिप्सची, टर्नपासून मोठी चाल 4 चिप्सची. एका फेरीत एक चाल आणि वर तीन वाढवण्या, बस. म्हणजे कितीही तापलं तरी एका डावात माणसाच्या 48 चिप्सपेक्षा जास्त जात नाहीत. या मर्यादेसाठीच मला हा खेळ आवडतो. जोराने कुणाला उठवता येत नाही.

अडचण अशी की कुणीच पॅक होत नाही. फ्लॉप पडला, हातात काहीही नाही, तरी "आते दोन पत्ता बाकी शेतस, पाहीसनच जासू!" म्हणत सगळे शेवटपर्यंत बसतात. त्यामुळे एक्क्यांची जोडी घेऊन बसलेला माणूस दुरी-सत्तीच्या दोन जोड्यांपुढे हरतो. असं वारंवार झालं की चांगलं खेळू पाहणाऱ्याचाही धीर सुटतो. दोघं म्हणतात, हा नशिबाचाच खेळ, तीन पत्ती बरी. आप्पा म्हणतात, चिपला थोडीशी किंमत लावा, लोक आपोआप पॅक होतील.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. कुणी पॅकच होत नसेल तर लिमिटमध्ये नेमकं कसं खेळायचं? आपण बरं खेळतोय की नुसतं नशीब आहे, हे कळायला किती काळ लागतो? आणि पैसे न लावता चिप्सना वजन कसं आणायचं?

---

गणिताचा मास्तर (पारोळा)

बोरीकाठ भाऊ, तुमच्या टेबलावर जे घडतंय ते लिमिटच्या लहान चालींच्या टेबलावर सगळीकडे घडतं. आधी एक आकडा लक्षात घ्या. एक्क्यांची जोडी समोर एकच माणूस असेल तर साधारण 85 टक्के वेळा जिंकते. समोर सहाच्या सहा जण कसल्याही पानांवर शेवटपर्यंत बसले तर ती साधारण 44 टक्के वेळाच जिंकते. म्हणजे सात जणांच्या टेबलावर एक्के निम्म्याहून जास्त वेळा हरणारच. पण नफा कुठे आहे ते पाहा: भांड्यात (मधे जमलेल्या चिप्समध्ये) तुमचा वाटा सातांतला एक, सुमारे 14 टक्के, आणि तुम्ही जिंकता 44 टक्के वेळा. लोक राहतात म्हणून तुमचं नुकसान होत नाही, उलट प्रत्येक डावात ते तुम्हाला चिप्स देतात, फक्त त्या कमी वेळा आणि मोठ्या ढिगाने मिळतात.

यावरून खेळायची पद्धत ठरते. पहिली गोष्ट, फसवणुकीची चाल, म्हणजे हातात काही नसताना समोरच्याला घाबरवायला लावलेली, जवळपास बंद करा. शेवटच्या पानावर भांड्यात 40 चिप्स आहेत आणि तुम्ही 4 लावल्या, तर समोरच्याला 4 टाकून 44 जिंकायची संधी आहे. बारांतून एकदा जरी तो जिंकत असेल तरी त्याचं बघणं (तेवढीच चाल टाकून डावात राहणं) बरोबर ठरतं. तो पॅक होत नाही यात त्याचा मूर्खपणा नाही, भांडं मोठं आहे.

दुसरी गोष्ट, चांगल्या हाताला प्रत्येक फेरीत चाल लावा. शेवटच्या पानावर समोर एकच माणूस असेल आणि तो बघणार असेल, तर बघितल्यावर निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही जिंकाल असं वाटतं तेव्हा चाल लावायचीच. बिचकून नुसतं "चेक" म्हणणारे, म्हणजे चाल न लावता पाळी पुढे देणारे लोक लिमिटमध्ये सर्वात जास्त इथेच मागे राहतात, कारण हरलेल्या डावातली एक चाल दिसते, जिंकलेल्या डावात न लावलेली चाल कुणाला दिसत नाही.

तिसरी, सुरुवातीची पानं. किलवरचा बादशहा आणि चौकटची नव्वी दोघांमध्ये बरी दिसते, सातांत ती सापळा आहे: जोडी लागते आणि दुसऱ्याची जोडी किंचित वरचढ निघते. गर्दीत एकाच रंगाची मोठी पानं आणि हातातल्या जोड्या चालतात. लहान जोडीला फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठ वेळांत एकदा लागतं, पण चार-पाच जण स्वस्तात आत असतील आणि पुढे चाली देत राहणार असतील तर तेवढं परवडतं.

---

बोरीकाठ (अमळनेर)

मास्तर, मनापासून आभार. 44 टक्क्यांचं गणित मी आज सगळ्यांना वाचून दाखवणार. पण मग उलट बाजूचं सांगा. रंगाला (एकाच रंगाच्या पाच पानांना) एक पान कमी असताना किंवा रनमधलं (ओळीच्या पाच पानांमधलं) एकच पान हवं असताना बसणारे लोक बरोबर की चूक? आमच्यातले वाद इथेच होतात.

---

गणिताचा मास्तर (पारोळा)

दोन्हींचं उत्तर वेगळं आहे. तुमच्याच चालींनी मांडतो. पाच जण 2-2 टाकून आत, भांडं 10. फ्लॉपवर चाल 2, पाचही आत, भांडं 20. टर्नवर कुणीतरी 4 लावल्या, भांडं 24. आता तुमची पाळी.

रंगाला एक पान कमी असेल तर न दिसलेल्या 46 पानांत तुमची 9 आहेत. 37 वेळा नाही, 9 वेळा हो, म्हणजे साधारण चारास एक. भांडं देतंय 24 ला 4, म्हणजे सहास एक. बसायचंच, इथे पॅक होणं चूक.

मधलं एकच पान हवं असेल, समजा पंजी-छक्की-अठ्ठी-नव्वी आहे आणि सत्ती पाहिजे, तर पानं फक्त 4. 42 ला 4, म्हणजे साडेदहास एक. सहास एक मिळत असताना बसलात तर प्रत्येक वेळी थोडं थोडं देत राहाल. शेवटच्या पानावर आणखी 8 मिळतील असं धरलं तरी आठास एक होतं, तरीही कमी. पण मधे आणखी दोघांनी आधीच 4-4 टाकल्या असतील तर भांडं 32 होतं, पुढच्या चाली धरून हिशोब काठावर येतो. म्हणून "मधल्या पानावर कधीच बसू नये" हेही खरं नाही. भांडं मोजत राहायचं.

आणि तुम्हाला त्यांना महागात पाडायचं असेल तर जागा वापरा. फ्लॉपआधी वाढवणारा शेवटी बसलेला असेल आणि तुम्ही पहिले असाल, तर चांगली जोडी लागल्यावर आधी चेक म्हणा. त्याने चाल लावली की तुम्ही वाढवा. आता मधल्या प्रत्येकाला 2 ऐवजी 4 टाकून बसावं लागतं. लिमिटमध्ये माणूस बाहेर काढायचं तेवढंच हत्यार आहे.

---

पांझरा_ते_पॅसिफिक

मी मूळ धुळ्याचा, सध्या सॅन होजेजवळ. इथे कार्ड रूममध्ये 4/8 डॉलरच्या (लहान चाल 4, मोठी 8) लिमिट टेबलावर अधूनमधून बसतो, म्हणून आप्पांनी पाहिलेल्या गोष्टीची दुसरी बाजू सांगतो.

कॅलिफोर्नियात कार्ड रूमला भांड्याची टक्केवारी घ्यायला कायद्याने मनाई आहे. म्हणून इथे दर हाताला ठरलेली रक्कम कापतात. आपल्याकडच्या भाषेत नाल. समजा हाताला 5 डॉलर गेले, तासाला 30 हात झाले आणि टेबलावर नऊ जण आहेत. तासाला 150 डॉलर टेबलावरून उठले, माणशी सोळा-सतरा. 4/8 मध्ये हे दोन मोठ्या चाली झाले. आणि लिमिटमध्ये चांगला खेळाडू तासाला एक मोठी चाल कमावतो, तेही नाल जाऊन, असं जुने खेळणारे धरतात. म्हणजे त्याला टेबलावरच्या बाकीच्यांपेक्षा तीन चालींनी सरस असावं लागतं. लहान टेबलावर बहुतेकांना माणसं नाही, नालच हरवते. वर डीलरची टीप वेगळी.

तुमच्या गच्चीवर नाल नाही. जे शिकाल ते सगळं तुमच्याकडेच राहतं. आप्पांना सांगा, इथल्या टेबलावरही लोक असेच "बघूनच जातो" म्हणत बसतात, खरे डॉलर लावूनसुद्धा. किंमत लावल्याने माणूस पॅक होतो हा समज मला रोज खोटा ठरताना दिसतो.

किती काळाने कळतं, त्याचं उत्तर: कमाई तासाला एक मोठी चाल धरली तर चढउतार तासाला साधारण दहा मोठ्या चालींचा असतो, आणि तो वेळेच्या वर्गमुळाने वाढतो. 100 तासांत कमाई 100 चाली, चढउतारही 100. म्हणजे चांगलं खेळणाऱ्या सहांतला एक जण 100 तासांनंतरही खालीच असतो. रविवारी चार तास बसत असाल तर 100 तासांना सहा महिने लागतात. एका संध्याकाळच्या निकालावरून कुणालाही चांगलं-वाईट ठरवू नका. आणि अमळनेरकरांना मी धीर काय शिकवणार! 1945 साली तुमच्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिची पुढे विप्रो झाली, आणि मधल्या वर्षांत भाव वर-खाली होताना ज्यांनी शेअर विकले नाहीत ती घरं तुमच्या गल्लीतच असतील. हात निवडायचा, चाल लावायची आणि त्या एका डावाचं काय झालं ते सोडून द्यायचं, तसंच.

---

कोर्टाची_पायरी (जळगाव)

वकिली करतो म्हणून फक्त कायद्यापुरतं लिहितो. बोरीकाठ, पैसे न लावण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, तो बदलू नका.

महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळाला तो लागू नाही असं कलम 13 सांगतं. सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये रम्मीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ म्हटलं, त्याच निकालात तीन पानांच्या खेळाला निव्वळ नशिबाचा म्हटलं. पोकरबाबत एकवाक्यता नाही. कर्नाटक उच्च न्यायालयाचा 2013 चा निकाल खेळाच्या बाजूचा, पश्चिम बंगालच्या 1957 च्या कायद्यात पोकर जुगाराच्या व्याख्येतून वगळलेला, आणि आपल्या शेजारच्या गुजरातच्या उच्च न्यायालयाने 2017 मध्ये त्याला जुगारच ठरवलं. अशा विषयात चिपला "थोडीशी" किंमत लावणं म्हणजे सात कुटुंबांना विनाकारण गुंतवणं. घरमालकाने भांड्यातून काही काढून ठेवलं, चहा-पाण्यासाठी का होईना, तर प्रकरण आणखी वाईट होतं. मोबाइलवर पैसे लावून खेळायचा विचार कुणाच्या मनात असेल तर 2025 च्या केंद्राच्या कायद्याने ऑनलाइन पैशांचे खेळ बंदच केले आहेत, कौशल्याचे असोत वा नशिबाचे.

आणि "आखाजीला चालतं" हे लोकांचं म्हणणं झालं. कायद्यात आखाजीचा अपवाद लिहिलेला नाही.

---

कपाशीवाला (शिंदखेडा)

आम्ही बिनपैशाच्या रम्मीत जे करतो ते सांगतो. एक वही. दसऱ्याला प्रत्येकाला सारख्या चिप्स, आणि आखाजीपर्यंत तोच हिशोब पुढे. संपल्या तर नव्या मिळतात, पण वहीत "उसन्या" म्हणून नावावर लिहिल्या जातात आणि सगळ्यांसमोर वाचल्या जातात. दर रविवारी शून्यापासून सुरू केलं तर चिप फुकटची होते, वहीत चढली की माणूस दोनदा विचार करतो. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते, तिचा खर्च सगळ्यांत सारखा, हरल्या-जिंकल्याशी त्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे या वहीनेच लोक पॅक व्हायला लागले.

---

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. आज गच्चीवर मास्तरांचं 24 ला 4 चं उदाहरण खडूने फरशीवर मांडलं. आप्पांनी ते पाहून पैशांचा विषय स्वतःच सोडला, वकीलसाहेबांचा प्रतिसाद त्यांना वाचूनही दाखवला. तीन पत्तीवाले दोघं म्हणाले, आखाजीपर्यंत हेच खेळू, मग बघू. मला तेवढं पुरे आहे.

वही आजपासून सुरू केली. कपाशीवाले भाऊ, एक राहिलं. आमच्यातले दोघं वेचणीच्या दिवसांत कित्येक रविवार येणार नाहीत. वहीत नुसत्या चिप्स मोजल्या तर रोज बसणाऱ्याचा आकडा, वर असो की खाली, मोठा दिसणार. तुम्ही हजेरीने भागता, की तासाने? सॅन होजेवाले भाऊ तासाचा हिशोब सांगतात, पण आमच्याकडे पत्ते पिसणं-वाटणं आम्हीच करतो, त्यामुळे एखाद्या तासात बरेच डाव होतात, एखादा तास गप्पांतच जातो. मला वाटतं डाव मोजावेत. तुमच्याकडे कसं करता ते कळवा, म्हणजे पुढच्या रविवारच्या आत रकाने आखतो.