तालमीत कॅमेरा: परवानगी कुणाची?

टाचवर
काल इथे एका छायाचित्रकार महाशयांनी लिहिलं: खारच्या बॅले क्लासच्या तालमीत बाईंची परवानगी होती, तरी एक मुलगी 'माझे फोटो उडवा' म्हणून अडून बसली, कॅमेऱ्याचं एवढं वावडं असेल तर घरी नाचावं. खाली वाहवांचा पाऊस. डोकं फिरलं.

अहो, तालमीत निम्मा वेळ आम्ही 'मार्क' करतो. गिरकी हातानेच दाखवायची, पाय जेमतेम उचलायचा, दम शेवटी सलग होणाऱ्या तालमीसाठी, 'रन'साठी राखायचा. तुम्ही नेमका तोच क्षण टिपून खाली 'साधना' लिहिता. जाणकाराला त्यात दिसतं फक्त न ताणलेलं पाऊल, आणि ते आमच्या नावावर कायमचं चिकटतं. शिवाय गिरकीत नजर समोरच्या एका बिंदूवर रोखलेली असते. नेमका तिथेच तुमच्या फोकसचा दिवा पेटतो. पडलो तर?

आयएसओ_६४००
तो महाशय मीच. फ्लॅश नव्हता, फोकसचा दिवा बंद, शटर मुकं. ट्यूबलाइटच्या उजेडात 1/500 सेकंदाच्या शटरवर उडी पकडणं काय असतं ते करून बघा, मग बोला. फ्रेंच चित्रकार देगाने पॅरिसच्या तालमीत पाठ खाजवणारी मुलगी रंगवली, ती आज म्युझियममध्ये आहे. छायाचित्रकार ब्रोडोविचने 1935 ते 37 मध्ये काढलेले बॅलेचे हललेले, धूसर फोटो अजून शिकवले जातात. सगळं ताणलेल्या पावलांचंच हवं असेल तर पासपोर्ट फोटो काढून घ्या.

टाचवर
देगा आणलातच, तर त्याच्या मेणाच्या पुतळ्याची मॉडेलही आणा. मारी व्हान गेथम, पॅरिस ऑपेराच्या बॅलेत नाचणारी गरिबाघरची पोर. 1881 मध्ये पुतळा मांडल्यावर समीक्षकांनी तिला माकड ठरवलं, आणि पुढच्या वर्षी ऑपेराने तिला काढून टाकलं, तालमी चुकवते म्हणून. तिला कुणी विचारलं होतं?

वकीलकाका
भावना बाजूला ठेवा. कॉपीराइट कायद्याच्या कलम 38अ मध्ये कलाकाराला आपली दृश्य-नोंदणी (व्हिज्युअल रेकॉर्डिंग) करू द्यायची की नाही याचा हक्क आहे, पण व्याख्येत ती 'हलत्या प्रतिमांची' आहे. व्हिडिओ काढला असता तर मुलीची बाजू भक्कम होती. फोटोचं तसं नाही. आणि कुणी पैसे देऊन काढून घेतले नसतील, तर मालकी काढणाऱ्याची.

टाचवर
म्हणजे कायद्यात बसतं म्हणून शोभतं? छान.

पार्ल्याची_आई
फोटोचं राहू द्या हो. त्या फोटोत खाली फरशी दिसली का कुणाला? सिमेंटवर थेट टाइल्स! बॅलेला खाली पोकळी असलेली लाकडी जमीन लागते, उडीचा दणका ती पिते. आमच्या लेकीच्या नडग्या दुखून दुखून डॉक्टरांनी नाच बंद केला. हॉलवाल्यांना सांगितलं तर म्हणे, 'लग्नात बँडवर सगळे इथेच नाचतात.'

तत्कार
कमाल आहे. आम्ही कथकवाले वर्षानुवर्षं शहाबादी फरशीवर पाय आपटतोय, घुंगरू बांधून. आमच्या नडग्या काय पोलादाच्या? परदेशी नाच आला की लगेच लाकूड हवं!

पार्ल्याची_आई
तत्कार आणि हवेतून एका पायावर उतरणं सारखंच का? आणि तुमचे गुडघे पन्नाशीत कसे आहेत तेही लिहा की.

तत्कार
माझ्या गुडघ्यांवर जाऊ नका.

डोंबिवली_फास्ट
लाकूड घाला नाहीतर संगमरवर, पावसाळ्यात पॉइंट शूजचं, बोटांच्या टोकावर उभं राहायच्या बुटांचं काय? पुढचा टणक भाग म्हणजे कापड, कागद आणि खळ. मुंबईची दमट हवा आणि पायाचा घाम, दोन तालमींत लगदा. ताईचे मी पंख्याखाली वाळवायचो, आई ओरडायची.

आयएसओ_६४००
धागा फोटोंचा होता ना? असो. त्या मुलीचे सगळे फोटो उडवले, घ्या. यापुढे आधी प्रत्येकीला विचारीन, पत्रिका जुळवीन, मगच शटर दाबीन.

रंगपट
पत्रिका नको. आमच्या नाटकात स्टील्स, म्हणजे प्रयोगाचे फोटो, रंगीत तालमीला काढतात. पोशाख अंगावर, सगळे जीव तोडून करतात, कॅमेरा येणार हे आधीपासून ठाऊक. एरवीच्या तालमीत ज्याचं काम नाही तो बाहेर.

टाचवर
हेच म्हणत होते. फक्त फोटो आधी आम्हाला दाखवा, मग टाका.

आयएसओ_६४००
दाखवीन. निवडणार मात्र मीच.

तत्कार
पार्ल्याच्या ताई, माझे गुडघे ठणठणीत आहेत. जिना चढताना तेवढे बोलतात.