अनुभव धागा: टीम सुधारत राहते ती कशाने?

ट्रेनिंगच्या दिवशी सगळे कायझेन-कायझेन (म्हणजे रोज थोडी थोडी सुधारणा) करतात, आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. तरी काही टीम वर्षानुवर्षं सुधारत राहतात. लाइन, वॉर्ड, शाखा, प्रोजेक्ट, काहीही सांभाळत असाल तर नेमकं काय केलंत ते लिहा. पुस्तकी नको.

प्रेस शॉप, चाकण
प्रेसवरची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायला दीड तास जायचा आणि खापर ऑपरेटरवर फुटायचं. एकदा अख्खी सेटिंग मोबाईलवर शूट केली आणि ती करणाऱ्या पोरांसोबतच बसून पाहिली. प्रेस बंद, आणि आमचा माणूस स्पॅनर शोधत फिरतोय! मग क्रेनची वाट, मग पॅकिंग सापडेना. शिगेओ शिंगोंची स्मेड पद्धत हेच सांगते, की मशीन चालू असताना उरकण्यासारखं आधीच उरकून घ्या. पण मी ते शिकवत बसलो नाही. एक हेल्परच म्हणाला, "साहेब, पुढची डाय, बोल्ट, पॅकिंग सगळं ट्रॉलीवर लावून ठेवू की." भंगारातल्या अँगलची ट्रॉली त्याच शिफ्टला वेल्ड करून घेतली. मग सूचनांची रांगच लागली. काही अगदी फालतू असायच्या, पण 'नाही' म्हणायचं तर तेही त्याच दिवशी, कारणासकट. आता सेटिंग पन्नास मिनिटांत होते. स्मेडचं ध्येय दहाच्या आतलं आहे. आमच्या म्हाताऱ्या प्रेसला ते झेपणार नाही.

ओटी (ऑपरेशन थिएटर) इन्चार्ज सिस्टर
जागतिक आरोग्य संघटनेची २००८ सालची सर्जिकल चेकलिस्ट आमच्याकडेही भिंतीवर होती. भुलीआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट ओटीबाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबायचं असतं. आमच्याकडे सगळे टिकमार्क शेवटी एकदम व्हायचे. एकदा मॉपचा (रक्त टिपायच्या कापडाचा) काउंट जुळेना, तेव्हा नव्या सिस्टरने सरांना टाके घालू दिले नाहीत. सर जाम वैतागले. मॉप निघाला बादलीमागे. तरी मी सगळ्यांसमोर तिचीच बाजू घेतली. तिला तेव्हा गप्प केलं असतं तर पुढे कुणी तोंड उघडलं असतं का?

आयटी, हिंजवडी
रेट्रोत, म्हणजे झालेल्या कामात काय चुकलं ते बघायच्या टीम मीटिंगमध्ये, मी सगळ्यांत शेवटी बोलते, नाहीतर पोरं माझीच री ओढतात. ढीगभर तक्रारींतली एकच निवडायची, ती कोण बघणार ते तिथेच ठरवायचं. पुढची रेट्रो तिच्यापासूनच सुरू.

बँक शाखा
राग मानू नका, पण आमच्याकडे 'सतत सुधारणा' म्हणजे दर तिमाहीला वाढलेलं टार्गेट. स्टाफने खातं उघडायच्या फॉर्मवरचा घोळ कमी करून वेळ वाचवला, तर वरून हुकूम आला, त्या वेळेत विमा विका. पुन्हा कोण कशाला वेळ वाचवेल?

प्रेस शॉप, चाकण
बँकवाले साहेब, शंभर टक्के पटलं. आमच्याही प्लॅनिंगने लगेच शिफ्टचा आकडा वाढवायला घेतला होता. प्लांट हेडच्या केबिनमध्ये भांडून वाचलेल्यातला निम्मा वेळ ऑइलिंग-साफसफाईला राखून घेतला. ते भांडण केलं नसतं तर ट्रॉली पुन्हा भंगारात गेली असती.

बँक शाखा
तुमचे प्लांट हेड आमच्या झोनल ऑफिसला डेप्युटेशनवर मिळतील का?