पिर्लो एवढा मागे का खेळायचा?

प्रश्न: सध्या इटलीचा फुटबॉलपटू आंद्रेआ पिर्लोचे जुने सामने बघतोय. पायात एवढी जादू, पण गडी कायम आपल्याच बचावफळीपुढे उभा! इटलीसाठी ११६ सामन्यांत फक्त १३ गोल. त्याला मागे कुणी ओढलं?

उत्तर १: सुरुवातीला तो पुढेच होता, अस्सल नंबर दहा, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे राहून हल्ले रचणारा. ब्रेशिया क्लबकडून सोळाव्या वर्षी सेरी आमध्ये (इटलीची अव्वल लीग) उतरला, १९९८ मध्ये इंटर मिलानला गेला, पण तिथे जम बसला नाही. २००१ च्या सुरुवातीला लोनवर परत ब्रेशियात आला, तर त्याच्या जागेवर इटलीचा दिग्गज, साक्षात रॉबर्टो बाजियो! मग प्रशिक्षक माझोने यांनी पिर्लोला थेट बचावफळीपुढे आणलं. इटलीत या जागेला रेजिस्ता म्हणतात, म्हणजे दिग्दर्शक.

१ एप्रिल २००१ चा युव्हेंटसविरुद्धचा सामना शोधाच. पिर्लो मागून लांब चेंडू टाकतो. बाजियो धावता धावता एकाच स्पर्शात तो उतरवतो आणि त्याच स्पर्शात गोलकीपर व्हॅन डर सारला चकवतो. सामना १-१ सुटला. लोक बाजियोच्या स्पर्शाबद्दल बोलतात, आणि तो आहेच तसा. मी मात्र दर वेळी तो पास बघायला मागे जातो. एवढ्या लांबून आलेला चेंडू बरोब्बर बाजियोच्या पावलात पडतो. पुढे खेळत राहिला असता तर एवढं मैदान त्याला दिसलंच नसतं, असं मला मनापासून वाटतं.

उत्तर २: पुढे एसी मिलानमध्ये प्रशिक्षक आन्चेलोत्तींनी हेच पक्कं केलं. शेजारी गात्तुसो चेंडू हिसकावायला, पिर्लो तो वाटायला. २००३ आणि २००७, दोन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वात मोठी स्पर्धा. २०११ मध्ये मिलानने त्याला फुकट जाऊ दिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. युव्हेंटसमध्ये त्याने ओळीने चार लीग जिंकल्या.

प्रश्नकर्ता: आत्ताच २००६ च्या विश्वचषकातली जर्मनीविरुद्धची सेमीफायनल पाहिली. ११९ वं मिनिट, गोल करणाऱ्या ग्रोसोला दिलेला पास. तो ग्रोसोकडे बघतसुद्धा नाही!

उत्तर १: आता पासच्या आधीचे दोन-तीन सेकंद बघा. चेंडू घेऊन पिर्लो डीच्या (गोलसमोरच्या पेनल्टी क्षेत्राच्या) कडेने उजवीकडे सरकतो, शॉट मारणार असं वाटतं. जर्मनीचे बचावपटू त्याच्याबरोबर खेचले जातात. ग्रोसो मोकळा झाला तो तिथेच.