आमदार एसटीने फिरला म्हणून आदर वाटतो, की कामं केली म्हणून?

माणदेशी:
सकाळी नदीपलीकडचा यांनी लिहिलंय, "गणपतराव देशमुखांचा साधेपणा म्हणजे मार्केटिंग, लोकांना कामं लागतात." वाचून डोकंच फिरलं. आबासाहेब (गणपतरावच) 1962 पासून सांगोल्यातून 11 वेळा आमदार म्हणून निवडून आले, ते पण शेकापमधून (शेतकरी कामगार पक्ष), जिथं वाटायला ना पैसा ना सत्ता. फोटोसाठी कुणी जन्मभर एसटीत बसतं का हो? आणि तेव्हा फोटो काढायला होतं तरी कोण? माझे चुलते त्यांना स्टँडवर बघायचे, गाडी लागेपर्यंत बाकड्यावर बसलेले आणि भोवती सातबारा, अर्ज, रेशनकार्ड घेऊन माणसं. चिठ्ठी नाही, पीए नाही. आपण जे सोसतो तेच हा माणूस पण सोसतोय हे दिसलं की आदर आपोआप येतो, मागावा लागत नाही.

नदीपलीकडचा:
अर्ज वाचून पाणी येत नाही भाऊ. माझं आजोळ सांगोला तालुक्यातलंच, आईचं निम्मं बालपण घागरीमागे गेलं. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी यायला किती वर्षं लागली ते पण लिहा की. उलट 1993 चा किल्लारीचा भूकंप बघा, 30 सप्टेंबरच्या पहाटे झाला, तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार त्याच सकाळी तिकडे पोचले आणि मुक्काम ठोकून यंत्रणा हलवली. माझे सासरे सास्तूरचे, घर पडलं, माणसं गेली, पवारांना मत कधी दिलं नाही पण नाव आजही आदराने घेतात. तेव्हा कुणी विचारलं का साहेब कशातून आले?

माणदेशी:
टेंभू रखडली ती सरकारमुळे, आबासाहेबांची बहुतेक हयात विरोधी बाकावर गेली. आटपाडीच्या पाणी परिषदा क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींबरोबर कुणी लावून धरल्या? सूतगिरणी कुणी उभी केली?

नदीपलीकडचा:
1978 ला आणि 1999 ला मंत्री पण होते की. ते बरं विसरता.

लालपरी:
मधे बोलतो, पण एसटीचा विषय निघालाच आहे तर ऐका. सीटच्या वर आमदार-खासदारांसाठी राखीव असं लिहिलेलं असतं, त्या सीटवर मी आजवर एकही आमदार बसलेला बघितला नाही. मी कंडक्टरचा मुलगा. 2021 च्या संपात पगार बंद, घरी किराणा उधारीवर, आणि एक पुढारी दारात आला नाही. टीव्हीवर मात्र सगळ्यांना आमचा पुळका.

तिसरी_शिफ्ट:
संपाचं कौतुक नको. ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत गावाकडच्या पोरींनी कॉलेजला कसं जायचं? माझ्या भाचीची बारावी होती, वडापच्या जीपला लटकून जायची. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण होणार नाही हे दिसत असताना ताणून कशाला धरलं?

लालपरी:
तुमच्या भाचीचे हाल झाले, मान्य. पण एसटीवाल्यांनी आत्महत्या केल्या त्या काळात, जरा तोंड सांभाळून बोला. तुटपुंज्या पगारावर डबल ड्युटी करून बघा एकदा, मग शिकवा.

तिसरी_शिफ्ट:
आत्महत्यांबद्दल मी एक शब्द बोलले नाही, माझ्या तोंडी घालू नका. आणि लोकांना फायदा दिला की ते नाव घेतात हे पण खरंच आहे. 2023 ला बायकांना अर्धं तिकीट झालं, माझी आई त्या सरकारला अजून दुवा देते.

माणदेशी:
दुवा आणि आदर एक नाही ताई. सवलत उद्या बंद झाली की दुवा पण बंद.

नदीपलीकडचा:
मग 2019 चं सांगा. आबासाहेब उभे राहिले नाहीत, नातू उभा राहिला आणि 768 मतांनी पडला. कुठं गेला तो आदर?

माणदेशी:
अहो हेच तर म्हणतोय! आदर माणसाला होता, आडनावाला नाही. नातवाला तो आयता मिळाला असता तर उलट मलाच शंका आली असती. 2024 ला दुसरे नातू निवडून आले, त्यांनी पण तो स्वतः कमवायचाय.

नदीपलीकडचा:
ठीक आहे, माणूस सच्चा होता हे मी नाकारत नाही, मार्केटिंग हा शब्द सोडून देतो. पण सच्चेपणावर माझ्या आईची घागर भरली नाही, हे मी शेवटपर्यंत म्हणणार.

लालपरी:
तुमचं मिटलं असेल तर आपापल्या आमदाराला एवढंच विचारा, एसटीत शेवटचं कधी बसला होतात. पक्ष कुठला का असेना. उत्तर इथं टाका.