मदत हवी आहे: ईसीजी चिपसाठी पीएसओ दर वेळी वेगळं उत्तर देतंय

रजिस्टर_सोळा:
ईसीजीतले हृदयाचे ठोके शोधणारी पॅन-टॉम्पकिन्स पद्धत व्हेरिलॉगमध्ये (चिपचं वर्णन लिहायची भाषा) लिहिलीय. कुठल्या टप्प्याला किती बिट द्यायचे ते पीएसओने (पार्टिकल स्वॉर्म ऑप्टिमायझेशन, कणांचा थवा फिरवून चांगलं उत्तर शोधणं) काढतोय. ३० कण, १०० फेऱ्या. चारदा चालवलं, चार वेगळी उत्तरं. कधी कधी १६ बिट देऊनही निम्मे ठोके सुटतात. शुक्रवारी नेटलिस्ट (सर्किटच्या जोडण्यांची यादी) द्यायची आहे. इनर्शिया (कणाने आधीचा वेग किती राखायचा) किती ठेवू?

लघुलहरी:
डेटा कुठला, सॅम्पलिंग किती, फिटनेसमध्ये (उत्तराला गुण देणाऱ्या सूत्रात) काय आहे, ओव्हरफ्लोला (आकडा बिटांत मावला नाही तर) काय करता? हे सांगा, मग इनर्शियाचं बघू.

थंडावा:
पीएसओ सोडा, बिट पूर्णांकात असतात. सिम्युलेटेड ॲनिलिंग (हळूहळू 'थंड' होत जाणारा यादृच्छिक शोध) घ्या. कर्कपॅट्रिक, जेलॅट आणि वेक्की यांनी १९८३ मध्येच चिपवरच्या मांडणीसाठी ते वापरून दाखवलंय.

लघुलहरी:
मांडणीचा प्रश्न वेगळा. फिटनेस चुकीचा असेल तर ॲनिलिंगही त्याच खड्ड्यात जाईल.

पन्नास_हर्ट्झ:
५० हर्ट्झचा नॉच (विजेच्या लाइनची घरघर काढणारा फिल्टर) लावलाय का?

रजिस्टर_सोळा:
नॉचचं मी विचारलेलं नाही. डेटा अर्थातच एमआयटी-बीआयएच (ईसीजी नोंदींचा संच), ३६० हर्ट्झ. फिटनेस = एकूण बिट + सुटलेल्या ठोक्यांची टक्केवारी. ओव्हरफ्लो सगळीकडे सॅच्युरेट (कमाल आकड्यावर अडकवतो).

लघुलहरी:
मग दोष पीएसओचा नाही. मूळ पूर्णांकी फिल्टर २०० हर्ट्झसाठी आहेत. ३६० वर सगळा पट्टा १.८ पट वर सरकतो. आधी ५/९ ने रीसॅम्पल करा.

खरी गोची लो-पासमध्ये (कमी वारंवारता जाऊ देणारा फिल्टर) आहे. त्याचा गेन ३६, म्हणजे आकडा ३६ पट होतो. या डेटाची बेसलाइन (शून्य पातळीचा आकडा) १०२४. ती वजा केली नसेल तर नुसती बेसलाइनच ३६८६४ होते आणि १६ बिट साइन्डमध्ये ३२७६७ च्या पुढे जागा नाही. शिवाय फीडबॅकचे (मागचं उत्तर परत आत घेणाऱ्या लूपचे) दोन पोल बरोबर १ वर आहेत, म्हणजे लूपमध्ये कापलेलं किंवा सॅच्युरेट झालेलं काही विरत नाही, चूक वाढतच जाते. बेसलाइन वजा करा, लूप पूर्ण १७ बिट ठेवा, ओव्हरफ्लो गुंडाळू द्या (कमालच्या पुढे गेला की किमानपासून सुरू). हाय-पासचाही (जास्त वारंवारता जाऊ देणाऱ्या फिल्टरचा) एक पोल १ वर आहे, तिथेही लूपमध्ये कापायचं नाही.

मग कापायच्या जागा तीनच उरतात: बँडपासनंतर (लो-पास आणि हाय-पास मिळून), वर्ग केल्यावर, इंटिग्रेटरनंतर (बेरजेच्या टप्प्यानंतर). प्रत्येकी ९ पर्याय धरले तर ७२९ जोड्या. तुमचं पीएसओ ३००० वेळा मोजतंय! सगळ्या जोड्या तपासा.

थंडावा:
हे मान्य. पण 'एकूण बिट' हा खर्च नाही. हाय-पासच्या ३२ घरांच्या डिले लाइनमध्ये एक बिट म्हणजे ३२ फ्लिपफ्लॉप. वर्ग करणाऱ्या ब्लॉकचं क्षेत्रफळ साधारण बिटांच्या वर्गाने वाढतं. शिवाय आत्ता एक बिट वाचवायला एक टक्का ठोके गेले तरी गुण तेवढेच. सेन्सिटिव्हिटीला (खऱ्या ठोक्यांपैकी किती सापडले) किमान मर्यादा घाला, त्याखालची जोडी बाद.

विदापारखी:
ट्यूनिंग आणि तपासणीचे रुग्ण वेगळे आहेत ना? या संचातल्या नोंदी २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या आहेत. १०२, १०४, १०७, २१७ पेसमेकरवाल्या, त्या वगळा. जुळणीची खिडकी (सापडलेला ठोका खऱ्यापासून इतक्या आत असला तर बरोबर) १५० मिलिसेकंद.

पन्नास_हर्ट्झ:
नॉचचं म्हणतोय कारण हा डेटा बॉस्टनचा, तिथे मेन्स (विजेच्या लाइनची वारंवारता) ६० हर्ट्झ. २०० हर्ट्झवर हा लो-पास ६० ला सुमारे ३७ डेसिबल दाबतो, ५० ला फक्त २५. चिप भारतात वापरायची असेल तर ५० ची घरघर मिसळूनच बिट ठरवा.

रजिस्टर_सोळा:
बेसलाइन वजा केलीच नव्हती. ती वजा केली, लूपमध्ये गुंडाळू दिलं, १६ बिटांचे सुटलेले ठोके परत आले. आता ७२९ जोड्या चालवतोय, ५० हर्ट्झ मिसळून. हाय-पासचा लूप किती बिट ठेवू?