दहा किलोमीटर शर्यतीच्या महिला गटाचा नियम कसा लिहावा? (मदत हवी आहे)

आमच्या तालुक्याच्या गावी दरवर्षी होणाऱ्या दहा किलोमीटर शर्यतीच्या संयोजन समितीत मी काम करतो. यंदा एका पारलिंगी (जन्मावेळी मुलगा म्हणून नोंद झालेल्या) स्त्रीने महिला गटातून धावण्यासाठी अर्ज केला असून जिल्हाधिकाऱ्यांनी दिलेले ओळखपत्र सोबत जोडले आहे. त्यांना काय कळवावे यावर समितीत एकमत होत नाही.

जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने ३१ मार्च २०२३ पासून, पुरुषी पौगंडावस्थेतून गेलेल्या पारलिंगी स्त्रियांना जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांतील महिला गट बंद केला. आमची शर्यत त्या क्रमवारीत बसत नाही. तरीही नियमामागचे कारण झटकून टाकता येत नाही. संप्रेरक उपचारांनी हिमोग्लोबिन काही महिन्यांत उतरते, स्नायूंची ताकद सावकाश कमी होते, पण उंची आणि हाडांची ठेवण बदलत नाही. आमच्याकडे पहिल्या तिघींना रोख बक्षीस असते व त्यासाठी आसपासच्या मुली वर्षभर सराव करतात. त्यांच्यापैकी कोणी आक्षेप घेतला, तर तो आकसापोटीच आहे असे मी मानणार नाही.

एका सदस्यांनी ‘शंका आल्यास वैद्यकीय तपासणी’ असे कलम सुचवले आहे. त्याला माझा ठाम विरोध आहे. अशाच तपासणीमुळे २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ८०० मीटरचे रौप्यपदक गमावलेल्या शांती सौंदराजन आणि २०१४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलेल्या द्युती चंद या दोघीही पारलिंगी नव्हत्या, मुली म्हणूनच वाढल्या होत्या. द्युती यांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली आणि २०१५ मध्ये स्त्री खेळाडूंच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकावर मर्यादा घालणारा तो नियमच स्थगित झाला. गावातल्या एखाद्या उंच, आखूड केसांच्या मुलीने मात्र दाद कुठे मागायची?

न्यूयॉर्कने २०२१ मध्ये आणि बोस्टन व लंडनने २०२३ मध्ये मॅरेथॉनला नॉन-बायनरी (स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्यांचा) गट जोडला. परंतु स्वतःला स्त्री म्हणवणाऱ्या अर्जदाराला तिकडे ढकलणे योग्य वाटत नाही, शिवाय आमच्याकडे त्या गटात त्या एकट्याच असतील.

माझा कल असा आहे, की महिला गटातून धावणे, वेळेची नोंद आणि पदक त्यांनाही मिळावे. पात्रतेची अट केवळ रोख बक्षिसापुरती असावी आणि ती प्रवेशिका उघडण्यापूर्वीच छापलेली असावी. आपल्यापैकी कोणी असा नियम प्रत्यक्ष राबवला असल्यास कृपया त्याची शब्दरचना द्यावी. आक्षेपावर निर्णय कोणी द्यावा, अर्जदाराची कागदपत्रे किती जणांनी पाहावीत आणि ती शर्यतीनंतर नष्ट करावीत का, याविषयीही मार्गदर्शन हवे आहे.